रात्री दर दोन तासांनी कूस: नियम ठेवावा की बदलावा?

रातराणी
अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, म्हणून उभं राहायला केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, न्यू जर्सीत ९०. त्यात एक गोष्ट प्रत्येकीच्या डोक्यात पक्की बसवतात: ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) झालाच म्हणून समजा. माझं म्हणणं असं की रात्रपाळीसाठी हा सरसकट नियम आता बदलावा. ज्याला गरज आहे त्याला दोन तास, बाकीच्यांना तीन किंवा चार, आणि ते केअर प्लॅनमध्ये, म्हणजे काळजीच्या लेखी आराखड्यात, प्रत्येकाच्या नावाने लिहिलेलं असावं.

हिशेब मांडते. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे रात्री १४ रहिवाशांमागे एक जण. त्यात कूस बदलून द्यावी लागणारे आठ धरा. जड माणूस एकटीने वळवायचा नसतो, म्हणून शेजारच्या विंगमधली जोडीदार घ्यायची आणि तिचेही आठ करायचे. झाले सोळा. माणूस कोरडा असेल तर चार-पाच मिनिटं. ओला असेल तर पुसणं, क्रीम, नवा ब्रीफ (मोठ्यांचा डायपर), नवा पॅड धरून दहा-बारा. सरासरी आठ मिनिटं पकडली तरी १२८ मिनिटं होतात. पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू झाली पाहिजे! आणि यात बेल, चार्टिंग म्हणजे नोंदी, कोणी पडलं तर त्याची धावपळ, जेवणाची सुट्टी, काही धरलेलं नाही.

मग काय होतं ते या कामात असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकटीने ड्रॉ शीट (माणूस सरकवायला कमरेखाली आडवी घातलेली चादर) ओढली जाते. पाठीमागे उशी खोचली जाते, पण कंबर जागची हलत नाही. सकाळी सहाला टॅब्लेटवर बारा, दोन, चार, सहा अशा चारही खुणा एका दमात होतात. नियम कागदावर शंभर टक्के पाळलेला आणि माकडहाडाजवळची कातडी लाल.

अभ्यासही दोन तासांच्या बाजूने नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टर्न’ चाचणीत अमेरिका-कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधले ९४२ रहिवासी होते. दोन, तीन आणि चार तास असे गट, सगळ्यांना दाट फोमची गादी. बेडसोर झाले एकूण दोन टक्के लोकांना, आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. मग नव्वदीतल्या माणसाला रात्रीतून चारदा हलवून जागं कशासाठी करायचं?

कडुलिंब
रातराणीताई, चाचणी पूर्ण वाचा. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलवर (गुण जितके कमी तितका धोका जास्त) १० ते १४ गुण असलेलेच लोक त्यात घेतले होते. नऊ किंवा त्याखालचे, म्हणजे सगळ्यात धोक्यातले, त्यात नव्हते. आधीपासून बेडसोर असलेलेही नव्हते. निरीक्षण फक्त तीन आठवड्यांचं. आणि प्रत्येक वेळी कूस बदलताना कातडी कशी आहे, ब्रीफ ओला आहे का, याची नोंद होत होती आणि ती नोंद वरून कोणीतरी तपासत होतं. तेवढी देखरेख असेल तर चार तासही चालतील. रोजच्या रात्रपाळीत ती कुठे असते?

गादीचंही तेच. चाचणीतली गादी चांगल्या प्रतीची होती. बऱ्याच ठिकाणी फोम मधोमध बसलेला असतो. कव्हरची चेन उघडून तळहाताने दाबून बघा, खालची फ्रेम हाताला लागते की नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. दोन तासांचा नियम असतो तेव्हा प्रत्यक्षात तीन तास होतात. चार लिहा, सहा होतील. तुमच्याच हिशेबाने बघा, काम वेळेवर होत नाही हे तर तुम्हीही मान्य करता. मग मर्यादा सैल केल्यावर ते वेळेवर कसं व्हायला लागेल? दोन तास हा आकडा शास्त्रीय नसेलही, पण तो हातात धरून मुलगी सुपरवायझरला विचारू शकते की आई रात्रभर उताणीच का होती. ‘व्यक्तीनुसार’ म्हटलं की विचारायला काही उरत नाही.

शुश्रूषा
जखमांचं काम बघणाऱ्या नर्सच्या नजरेतून लिहिते. दोघीही घड्याळाबद्दल बोलताय. घड्याळापेक्षा हात कसा चालतो यावर जास्त जखमा ठरतात.

नीट बदललेली कूस अशी असते. पलंग आपल्या कमरेइतका वर घ्यायचा आणि डोक्याकडची बाजू सपाट करायची. ट्यूब फीडिंग (नळीने पोटात अन्न देणं) चालू असेल तर त्याआधी नर्सला बोलावून पंप थांबवायचा, कारण सपाट झोपलेल्याच्या पोटात फीड जात राहिलं तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. पंपाला सीएनएने स्वतः हात लावायचा नाही. दोघींनी ड्रॉ शीट शरीराच्या अगदी जवळ गुंडाळून धरायची आणि माणूस उचलून, ओढून नव्हे, एका कडेला घ्यायचा. हीच पायरी गाळली जाते. ती गाळली की वळवल्यावर माणूस पलंगाच्या काठाला येतो, मग भीतीपोटी त्याला अर्धवटच वळवलं जातं.

पलीकडचा गुडघा वाकवायचा, हात छातीवर, खांदा आणि कंबर एकाच वेळी आपल्याकडे. मागे पाचर किंवा उशी लावून साधारण ३० अंशांचा कल. पूर्ण ९० अंशांवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे मांस कमी असतं. उशी लावून झाली की माकडहाडाखाली हात सरकवायचा. हात सहज गेला तर कूस बदलली. अडकला तर फक्त उशी लावली.

टाचा वेगळ्या बघायच्या. उशी पोटरीच्या लांबीने ठेवायची आणि टाच हवेत तरंगायला हवी. उशी घोट्यामागच्या जाड स्नायुबंधाखाली आडवी टाकली तर दाब तिथे जातो. शेवटी पलंग खाली, बेल हाताशी, डोक्याची बाजू ३० अंशांच्या वर नाही. त्याहून वर घेतली की माणूस हळूहळू घसरतो, कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड खाली जातं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून बंद पडतात. वरून काही दिसत नाही, जखम आतून तयार होते. ट्यूब फीडिंगवाल्यांना मात्र डोकं ३० ते ४५ वर ठेवावंच लागतं, म्हणून त्यांना सरसकट चार तास देणं मला धोक्याचं वाटतं.

लाली दिसली तर बोटाने दाबा. पांढरी होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर ती पहिली पायरी, लगेच नर्सला सांगा. आपल्यासारख्या सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहसा नीट दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने आजूबाजूची जागा ताडून बघायची: गरम आहे का, थंड आहे का, कडक की लिबलिबीत. लाल जागेवर मालिश कधीही नाही.

माझं मत रातराणीच्या बाजूला झुकतं. घाईत ओढून केलेल्या चार फेऱ्यांपेक्षा नीट केलेल्या तीन बऱ्या.

जर्सीकर
तुम्ही सगळ्या पलंगाजवळ उभ्या राहून बोलताय. मला भीती ऑफिसातल्या माणसाची आहे. चार तासांची परवानगी मिळाली की तो पहिला प्रश्न विचारणार, मग रात्री एवढ्या एड (सीएनएसारख्या मदतनीस) कशाला?

२०२४ मध्ये केंद्राने प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला एडचे किमान २.४५ तास असा नियम आणला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला आणि जुलैतल्या कायद्याने सप्टेंबर २०३४ पर्यंत त्याची अंमलबजावणीच थांबवली. फ्लोरिडाने २०२२ मध्येच सीएनएचे किमान तास २.५ वरून २.० वर आणले होते. न्यू जर्सीला १४ मागे एक तरी आहे. जिथे असा आकडा नाही तिथे दोन तासांची कूस हाच माणसं टिकवायचा शेवटचा आधार आहे. तो स्वतःहून सोडू नका.

रातराणी
जर्सीकर, जे होतच नाही ते होतंय असं दाखवून मनुष्यबळ वाचत नाही. उलट सगळ्या खुणा वेळेवर दिसतात म्हणून वरचे म्हणतात, आहे त्या माणसांत जमतंय की! खरी वेळ लिहिली, अडीच, पावणेपाच, तरच कमतरता कागदावर येईल.

कडुलिंब, देखरेखीचा मुद्दा मान्य. आणि नऊ किंवा त्याखालच्या गुणांच्या लोकांना दोन तासच ठेवा, ते मी पहिल्यापासून म्हणतेय. पण चौदातले असे दोन-तीन असतील. बाकीच्या पाच-सहांना मोकळं केलं तरच त्या दोघा-तिघांना खरोखर दोन तासांनी हात लागेल.

झोपेचं नुकसान कोणी मोजत नाही. रात्री चारदा डोक्यावरचा दिवा लागलेला माणूस नाश्त्याला डुलक्या घेतो, खात नाही, वजन उतरतं. पोषण हा ब्रेडन स्केलच्या सहा बाबींपैकी एक आहे. कातडी वाचवायला निघालो आणि दुसऱ्या दाराने तीच घालवली. आणि कूस लांबवली म्हणजे ब्रीफ बघायचा नाही असं नाही. ब्रीफवरची रंग बदलणारी रेघ पुढूनच दिसते. टॉर्च जमिनीकडे धरून बघा, कोरडा असेल तर झोपू द्या.

कडुलिंब
ती रेघ लघवी सांगते, शौच सांगत नाही. पातळ शौच कातडीवर दोन तास राहिला तर काय होतं ते शुश्रूषाताई सांगतील. लॅक्सेटिव्ह, म्हणजे पोट साफ व्हायचं औषध, चालू आहे, अँटिबायोटिक चालू आहे, अशांना रेघेवर सोडता येणार नाही. आणि स्मृतिभ्रंशाचा माणूस बोलून दाखवत नाही. तो फक्त कण्हतो किंवा हात झटकतो, आणि आपण लिहितो ‘चिडचिड’.

शुश्रूषा
शौचाबद्दल कडुलिंब अगदी बरोबर. लघवीपेक्षा पातळ शौच कातडी कितीतरी लवकर सोलतो. त्यांच्यासाठी फेरी वेगळी ठेवा. झिंक क्रीमचा थर पातळच हवा. जाड लेपला तर तो ब्रीफला लागतो आणि ब्रीफ ओल शोषेनासा होतो. पुसताना जुनं क्रीम खरवडून काढायचं नाही, वरचा मळलेला थर तेवढा काढायचा. एअर मॅट्रेसवर एकच हवा खेळणारा पॅड. त्यावर दुहेरी चादर, पॅडवर पॅड, शिवाय ब्रीफ, असं केलं की महागाची गादी असून नसल्यासारखी.

पुणेरी लेक
थोडं वेगळं विचारते. वडील पुण्यात घरीच आहेत. ब्युरोची मावशी रात्री बारा तास असते, एकटीच. मेडिकलमधून आणलेली फुगणाऱ्या नळ्यांची एअर बेड आहे. दुकानदार म्हणतो आता कूस बदलायची गरज नाही. मावशी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावतात आणि कमरेखाली रबरी रिंग ठेवतात. हे बरोबर आहे का?

शुश्रूषा
दुकानदाराचं ऐकू नका, कूस बदलावीच लागेल. एकटीने करायचं असेल तर आडवी दुमडलेली जुनी मऊ चादर कायम खाली ठेवा आणि तिला धरूनच वळवा, काखेत हात घालून ओढू नका. पंपाचा दाब वजनाप्रमाणे लावा. पूर्ण कडक केला तर गादी दगडासारखी होते. कमरेच्या खाली, गादीच्या तळाशी हात घालून बघा. हाड जवळजवळ हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. स्पिरिट बंद, ते कातडी कोरडी करतं. पावडर घामात गोळा होऊन घासते. रिंग आजच काढा: मधली जागा मोकळी राहते खरी, पण कडेला गोल दाब पडून मधल्या भागाचाच रक्तपुरवठा तुटतो. गादीवर रबर शीट असेल तर तेही काढा.

एकतारी
रात्रीवर एवढं बोललात, दिवसाच्या खुर्चीवर कोणीच नाही. दिवसपाळीला मदत म्हणून रात्रपाळी पहाटे पाचपासून लोकांना उठवून खुर्चीत बसवते. ती माणसं दुपारच्या जेवणानंतरच पलंगावर परततात. आठ-आठ तास! बसलेल्या माणसाचा भार बैठकीच्या दोन हाडांवर एकवटतो, झोपलेल्यापेक्षा दाब जास्त असतो. खुर्चीत दर तासाला हलवायला हवं, आणि ज्याला जमतं त्याला दर पंधरा मिनिटांनी थोडं उचलून घ्यायला शिकवायला हवं. माणूस उचलायच्या लिफ्टची स्लिंग, म्हणजे कापडी झोळी, खाली तशीच ठेवली जाते, तिच्या शिवणी कातडीत रुततात. रिक्लायनर मागे कलवली म्हणजे कूस बदलली असं कितीजणी लिहितात! भार बैठकीवरून माकडहाडावर गेला, एवढंच.

रात्री दोन तास की चार हे ठरवायच्या आधी पहाटे पाचचं उठवणं थांबवा. न्याहारी आठला आहे, सातला उठवलं तरी चालतं. तेवढ्याने रात्रपाळीची शेवटची फेरीही नीट होईल.

कडुलिंब
एकतारी, हे मात्र शंभर टक्के. यावर वाद नाही.

कूस लांबवण्याला माझा विरोध कायम आहे, तरी करायचीच असेल तर अटी लिहून ठेवते. गादी तपासलेली आणि तारीख टाकलेली हवी. ब्रेडन नऊच्या वर, आधीची जखम नाही, ट्यूब नाही, पातळ शौच नाही. आधी तीन रात्री दोन तासांवर, प्रत्येक वेळी कातडी बघून नोंद, मग तीन तासांवर तीन रात्री, मगच चार. न जाणारी लाली एकदा जरी दिसली तरी त्याच रात्री परत दोन. ताप आला, खाणं सुटलं, हॉस्पिटलमधून परत आला, तर पुन्हा दोनपासून सुरुवात. आणि केअर प्लॅनवर सही नर्सची. सीएनएच्या तोंडी सांगून ‘याला आज राहू दे’ असं चालणार नाही, कारण स्टेट सर्व्हेवाले, म्हणजे राज्याचे तपासणी अधिकारी, आले की त्या खुणेखाली सापडतं ते तिचंच नाव.