आधी काय वाचवायचं?

प्रश्न:
आमच्या ग्रंथालयात चार कपाटं जुना संग्रह आहे. पोथ्या, छापील ग्रंथ, दैनिकांच्या बांधीव फायली, सभांची इतिवृत्तं आणि मुलाखतींच्या चाळीसेक स्पूल टेप, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या ध्वनिफिती. यंदा यातल्या थोड्याच वस्तूंचं काम होणार. मंडळींचं म्हणणं, सर्वांत जुनं ते आधी. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावू कसं?

उत्तर १:
ताई, वयावर जाऊ नका. हातकागदावरची पोथी कोरड्यात राहिली तर शतकानुशतकं टिकते. १८५० नंतर लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळेची खळ दिलेला कागद सर्रास वापरात आला. त्यातलं आम्ल त्याला आतूनच पोखरतं, म्हणून दैनिकाचा कोपरा जरा वळवला की कटकन तुटतो.

तरी मी पहिला हात टेपना लावेन. फितीवरचा थर सुटत जातो, ती वाजवणारी यंत्रंही मिळेनाशी झालीत. मी स्वतः आधी देखण्या ग्रंथांची बांधणी करून घेतली. दोन वर्षांनी एका वृद्ध शिक्षिकेच्या मुलाखतीची फीत लावली, तर यंत्राच्या हेडवर तपकिरी चिकटा साचला आणि आवाज घुसमटत गेला. तिथेच थांबायला हवं होतं. मी पुसून पुन्हा लावली, आणि उरलासुरला थरही खरवडला गेला. बाई तोवर वारल्या होत्या. त्या बांधलेल्या ग्रंथांच्या प्रती इतरत्र होत्या हो, बाईंचा आवाज मात्र त्या एकाच फितीवर होता.

म्हणून प्रत्येक वस्तूला विचारा: ही दुसरीकडे कुठे आहे का? नसेल, तर अजून किती दिवस तग धरेल?

उत्तर २:
सहमत. एक भर: बुरशीचा वास येणारं काहीही आजच्या आज वेगळ्या खोलीत हलवा, ते रांगेत थांबू शकत नाही. गंजलेल्या टाचण्या काढणं आणि आम्लरहित खोकी ही कामं स्वस्त आहेत, ती सगळ्यांसाठी करा.

प्रश्नकर्ती:
आज तपासलं. दैनिकांच्या फायली दुसऱ्या एका ग्रंथालयात सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) आहेत, त्या मागे ठेवते. इतिवृत्तं मात्र आमच्याकडेच आहेत. टेप न वाजवता नुसत्या पाहिल्या, तर तीन रिळांचे वेढे एकमेकांना चिकटलेत. ही तीन आधी कामाला पाठवू ना?

उत्तर १:
हो, तीच आधी. वेढे सोडवायला जाऊ नका, आहेत तशी द्या. डब्यांवरची पेन्सिलीची टिपणं आधी उतरवून घ्या, कोण बोलतंय ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.