मदत हवी आहे: वेंगुर्ल्यातल्या मुलीला बॅले शिकायचंय, कुठे आणि कसं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची 13 वर्षांची, आठवीत आहे. भाऊ मासेमारीच्या यांत्रिक बोटीवर खलाशी. गेल्या पावसाळ्यापासून पोरगी मोबाइलवर बघून बॅले करते. पडवीच्या कठड्याला धरून प्लिए, तांदू, सगळं त्या फ्रेंच नावांसकट. स्नेहसंमेलनापुरती हौस असती तर इथे लिहिलं नसतं. कोणी बघायला नसलं तरी पहाटे उठून ती आपणहून करत असते.

घरून विरोध नाही. भाऊ दशावतार बघत वाढला. जत्रेत पुरुष माणूस रात्रभर राणी होऊन उभा राहतो, मग मुलीनं नाचण्यात वावगं काय, असं तो म्हणतो. टोचतं ते नात्यातल्यांचं बोलणं. "ह्या काळ्या चेडवाक हंस कोण करतलो?" (या काळ्या मुलीला हंस कोण करणार?) असं तिच्या तोंडावर बोललं गेलं. तेव्हापासून ती रोज बेसन-हळद फासून बसते. मला ते बघवत नाही.

तिला दाखवायला म्हणून मी वाचायला बसले. जॅनेट कॉलिन्स या काळ्या अमेरिकन नर्तिकेला 1930च्या दशकात एका नामांकित बॅले कंपनीनं, म्हणजे नृत्यसंघानं, घ्यायची तयारी दाखवली, पण चेहरा पांढरा रंगवायच्या अटीवर. तिनं नकार दिला. तीच पुढे 1951मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रमुख नर्तिका झाली. रेव्हन विल्किन्सन ही दुसरी काळी नर्तिका 1955मध्ये बॅले रूस द मोंटे कार्लो या कंपनीत गेली. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या दौऱ्यांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या माणसांमुळे तिच्या जिवाला धोका असायचा. शेवटी तिला नृत्यासाठी नेदरलँड्स गाठावं लागलं. आणि मिस्टी कोपलँड! तिनं सुरुवात केली 13व्या वर्षी, मुलांच्या क्लबातल्या बास्केटबॉलच्या कोर्टावर. त्या काळात आई आणि भावंडांसोबत मोटेलच्या खोलीत दिवस काढले. 2015च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला 'स्वान लेक' या बॅलेतली हंसराणी तीच होती, आणि 30 जूनला ती अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय स्त्री प्रिन्सिपल, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाची नर्तिका, झाली. काळ्या चेडवाक हंस कोण करतलो, याचं उत्तर भाचीनं वहीत लिहून ठेवलंय.

तिथला वर्णभेद आणि आपल्याकडचा गोरेपणाचा सोस एकच आहेत असं मी म्हणत नाही. तिथे अख्ख्या संस्थांची दारं बंद होती. पण आरशासमोर उभ्या पोरीला जे सोसावं लागतं ते मला सारखंच वाटतं.

आता अडचणी. शिक्षक हवा. गोवा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुठेही पद्धतशीर बॅले शिकवणारं कोणी माहीत आहे का? घरात कोबा आहे, उड्या मारल्या की तिच्या नडग्या दुखतात. तिला पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे ते पॉइंट शूज हवेत, आणि ते मिळतात तेही फिकट गुलाबी, म्हणजे गोऱ्या पायांना जुळणारे. पैशाचं म्हणाल तर 1 जून ते 31 जुलै बोटी कायद्यानं बंद, नेमके शाळेच्या खर्चाचे दिवस. त्यामुळे फी ऐकूनच पाऊल उचलावं लागेल.

– अबोली

पायताल: कोब्यावर उड्या आजपासून बंद करा. नडगीचं दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते. जमीन दबणारी लागते. लाकडी पट्ट्यांखाली फोमचे तुकडे, वर प्लायवूडचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. तुमच्याकडच्या दमट हवेत साधं प्लाय फुगेल, बोटी बांधणाऱ्या सुताराकडून मरीन प्लायच घ्या. वर न घसरणारं व्हिनाइल. पडवीचा एक कोपराही चालेल.

पॉइंट शूज अजिबात नको. शिक्षकाच्या नजरेखाली काही वर्षं नियमित तालीम, घोट्यात आणि पोटात ताकद, मग शिक्षकच सांगतो. तोवर साधे कापडी शूज. रंगाचं म्हणाल तर काळ्या नर्तिका वर्षानुवर्षं शूजवर मेकअपचं फाउंडेशन थापत आल्या. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या काळ्या नर्तकांच्या कंपनीनं 1970च्या दशकातच मोजे आणि शूज प्रत्येकीच्या कातडीच्या रंगाचे केले. 2018मध्ये शूज बनवणाऱ्या फ्रीड ऑफ लंडननं बॅले ब्लॅक या नृत्यकंपनीसोबत तपकिरी पॉइंट शूज काढले. तिची वेळ येईल तेव्हा तिच्या रंगाचे घ्या, आणि हे तिला आत्ताच सांगा.

कुडाळकर: लांब कशाला जाता, मुंबईचा आमिरुद्दीन शाह वेल्डरचा मुलगा, मनीष चौहान टॅक्सीचालकाचा. दोघं डान्सवर्क्स या नृत्यसंस्थेत बॅले शिक्षक येहुदा माओर यांच्या हाताखाली तयार झाले. आमिरुद्दीन 2017मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. दिल्लीचा कमल सिंग ई-रिक्षावाल्याचा मुलगा. सतराव्या वर्षी पहिला धडा घेतला, शिक्षकानं फुकट शिकवलं, आणि 2020मध्ये लोकवर्गणीवर इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला पोचला. प्रत्येकाच्या मागे एक खमका शिक्षक आहे. तेव्हा संस्थेच्या फीच्या तक्त्याकडे बघून माघारी फिरू नका, थेट शिक्षकाला व्हिडिओ पाठवा.

अबोली: दोघांचे मनापासून आभार. उड्या थांबवल्या, सुताराशी उद्या बोलते. कुडाळकर, ही नावं भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, तिघंही मुलगे. मुलगा मुंबईत कुठेही पथारी टाकेल, 13 वर्षांच्या मुलीला कुठे ठेवायचं? त्याचं चुकीचं नाही. परळला नात्यात एक खोली आहे, मे महिन्यात मी तिच्यासोबत राहू शकते. फक्त सुट्टीपुरतं शिकवून वर्षभराचा सराव आखून देणारं कोणी मुंबईत आहे का? आणि पायताल, व्हिडिओत नेमकं काय घेऊ? कठड्याजवळचं पुरे, की मधोमध उभी राहून केलेलंही लागेल?