समाधान 'शिकावं' लागतं

'खरा विश्वास असेल तर दुःख जाणवतच नाही' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. त्यासाठी प्रेषित पौलाचा जो दाखला देतात, तो बायबलमधल्या त्याच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायातला. पण तिथे पौल म्हणतो की कुठल्याही स्थितीत तृप्त राहायला मी 'शिकलो' आहे. म्हणजे बाप्तिस्म्याबरोबर आपोआप मिळालेली गोष्ट नाही ती. आणि हे लिहिताना तो बेड्यांत होता. त्या काळी कैद्याच्या खाण्यापिण्याची सोय बरेचदा बाहेरच्या माणसांनाच करावी लागे. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती. हा एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला. देवाने त्याला वाचवलं नसतं तर मला 'दुःखावर दुःख' झालं असतं, असं पौल त्याच पत्रात, 2ऱ्या अध्यायाच्या 27व्या वचनात, सरळ कबूल करतो.

माझे वडील पक्षाघाताने नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. आई रोज संध्याकाळी त्यांना कुशीवर वळवून पाठीला पावडर लावायची, मग उशाशी बसून बायबलमधलं एक स्तोत्र वाचायची. पहिल्या वर्षी वाचताना तिचा आवाज फुटायचा, काही दिवस तर ती पुस्तक मिटून नुसती बसून राहायची. देवावर चिडायचीसुद्धा, आणि ते प्रार्थनेत बोलून दाखवायची. हळूहळू तो आवाज स्थिर झाला. वडील काही बरे झाले नाहीत. शेवटच्या वर्षी त्यांना बोलता येत नव्हतं, तरी 23वं स्तोत्र सुरू झालं की ते डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवायचे.