मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशननंतर शाकाहारी घरात काय भरून ठेवावं?

नमस्कार मंडळी. आईची स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ते ऑपरेशन) झाली आहे. पातळ आहार संपून आता मऊ जेवण सुरू झालंय. आहारतज्ज्ञांनी रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं सांगितलीत, पण एका वेळी जेमतेम अर्धी वाटी पोटात जाते. त्यात अंडं चालत नाही. जेवताना पाणी बंद, नंतर अर्ध्या तासाने घोट घोट.

सध्या मुगाचं सैल वरण, चक्का, कुस्करलेलं पनीर आणि कुळथाचं पिठलं आलटून पालटून करते. पिठलं ती आवडीने खाते, बाकीचं दोन घासांत बाजूला सरकवते. बघवत नाही. पोहे, रवा, साबुदाण्याचे डबे मी वरच्या फळीवर ठेवलेत. त्यानेच पोट भरलं तर प्रथिनांना जागा कुठली!

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सांगा: या टप्प्यात सत्तू, सोयाबीनचं पीठ पचलं का? टोफू मऊ कसा ठेवता? बिनसाखरेची, फार गोडमिट्ट न लागणारी प्रोटीन पावडर कुठली? आणि घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक एकच ठेवायचा तर महिन्याच्या किराण्यात काय बदललंत? जे सुचवाल ते डॉक्टरांना विचारूनच देईन.