पदार्पणाचे चित्रपट: '१२ अँग्री मेन' हवाच

दिग्दर्शकांच्या उत्तम पहिल्या चित्रपटांची चर्चा निघाली की 'सिटिझन केन' आणि 'पथेर पांचाली'ची नावं येतातच, त्यांच्या जोडीला सिडनी ल्युमेटचा '१२ अँग्री मेन' (१९५७) हवाच. जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीत, तरी कंटाळा येत नाही, याचं मोठं श्रेय कॅमेऱ्याला. पहिल्या तृतीयांशात तो डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग पातळीवर, शेवटी खाली. सोबत लेन्सची फोकल लेंग्थ वाढत जाते (ती जितकी जास्त, तितकी चौकट अरुंद आणि मागचं जवळ भासतं), त्यामुळे भिंती माणसांच्या अंगावर येतात आणि उत्तरार्धात छतही दिसू लागतं. शेवटच्या बाहेरच्या शॉटला वाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारी) लेन्स लावली की आपल्यालाही मोकळा श्वास मिळतो!

पैसे वाचवण्यासाठी एका खुर्चीचं (म्हणजे तिथे बसलेल्या नटाचं) लायटिंग झालं की त्या कोनातले सगळे शॉट्स उरकायचे, मग पुढची खुर्ची. यात एकाच संवादाचे दोन भाग वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतात आणि नटांचा सूर तुटण्याचा धोका असतो. आधीच्या दोन आठवड्यांच्या तालमीने तो सांभाळला. नवख्यांनी हे जरूर बघावं.

ख्रिस्तोफर नोलनच्या पदार्पणाच्या 'फॉलोइंग'मध्येही (१९९८) तालमीच कामी आल्या. चित्रीकरणाची कच्ची फिल्म महाग, म्हणून एक-दोन टेकमध्येच शॉट ओके.