नागपुरात माइंडफुलनेस शिकवताना बुद्धाचं नाव का गाळायचं?

कामठी_रोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे, अकरा वर्षं पाठदुखीचे पेशंट बघतेय. काही महिन्यांपूर्वी माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासाकडे आणि शरीराकडे सावधपणे लक्ष देण्याच्या, एका कार्यशाळेला गेले होते. शिकवलं चांगलं. पण निघताना सांगण्यात आलं, पेशंटसमोर बुद्धाचं, आनापानाचं (येणारा-जाणारा श्वास बघण्याच्या बौद्ध ध्यानाचं) नाव काढायचं नाही. ‘हे शुद्ध विज्ञान आहे’ एवढंच म्हणायचं. तेव्हापासून मनात घोळतंय.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात आठ आठवड्यांचा हा कोर्स सुरू केला. तिथल्या लोकांना तो परक्या धर्माचा वाटू नये म्हणून नाव बाजूला ठेवणं मी समजू शकते. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या गावातल्या बाईला तिच्याच विहारातली गोष्ट अमेरिकेहून आलेली म्हणून शिकवायची?

माझी एक पेशंट आहे, साठीला आलेली, धुणंभांडी-लादी करणारी. मे महिना, कुलर घरघरतोय. मी म्हटलं श्वासाकडे लक्ष द्या, तर म्हणाली, “कुलरच्या आवाजात श्वास आयकूच येत नाही ना जी.” मग तिला नाकाखाली, वरच्या ओठावर बोट ठेवायला सांगितलं. गार लागतं की गरम, तेवढंच बघा. थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि एकदम म्हणाली, “म्हणजे भन्तेजी सांगतात ते आनापानच होय का हे?” मी हो म्हटलं. त्या दिवसापासून ती रोज घरी बसते. व्यायामाचा कागद मी आधीच दिला होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती तिनं! दोन महिन्यांनी म्हणाली, “दुखते तेवढंच, पण आता मी भेत नाही.”

बुद्धाच्या सल्लसुत्तात, म्हणजे बाणाच्या उपदेशात, हेच आहे. एक बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला, आणि तो आपण लावून घेतो. वेदनेचे संशोधकही वेदना किती आणि तिचा जाच किती, हे वेगवेगळं मोजतात. दोघं एकच गोष्ट बघत असतील तर एकमेकांची नावं का लपवायची?

मेडिकल_चौक
डॉक्टर आहे, म्हणून थोडं कडक लिहितो. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. तुमच्याच विषयातला २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास घ्या. जुनी कंबरदुखी असलेले ३४२ जण, तीन गट. २६ आठवड्यांनी हालचालीत ठळक सुधारणा माइंडफुलनेसच्या गटात ६०.५ टक्के लोकांना, नेहमीच्या उपचारांत ४४.१ टक्के. पण सीबीटी म्हणजे विचार-वर्तनाच्या थेरपीत ५७.७ टक्के! म्हणजे बुद्धाशिवायही जवळपास तेवढंच. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. चिंता, नैराश्य, वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला, पण औषध किंवा व्यायामापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांची चाचणी झाली, साधारण निम्म्या शाळांत माइंडफुलनेस शिकवलं, २०२२ ला निकाल आला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा शून्य.

आणि माझ्या ओपीडीत मोमिनपुऱ्याचा मुस्लिम पेशंट येतो, महालातला हिंदूही येतो. उपचार कुणालाही ‘हे त्यांचं आहे’ असा वाटता कामा नये.

इंदोरा_७
माझा विरोध उलट बाजूनं आहे. नाव गाळाच, कारण हा धम्मच नाही. बुद्धाच्या अष्टांग मार्गातली एक सम्यक स्मृती (सजगता) उचलली, सम्यक आजीविका (कुणाला न नाडता पोट भरणं) तिथंच टाकली. बाबासाहेबांचा धम्म माणसानं माणसाशी कसं वागावं याचा आहे. ताई, त्या बाईची पाठ काऊन दुखते? घरोघरी वाकून लादी पुसते म्हणून. तिला श्वास बघायला सांगितलं, ठीक. तिच्या मालकिणींना उभ्याचा मॉप आणायला कोण सांगणार? पहिला बाण मारणारा मोकळा, आणि दुसरा तेवढा तिनं काढायचा?

फुटाळा_संध्याकाळ
एक गोष्ट कुणीच काढली नाही. माझा धाकटा भाऊ दहा दिवसांच्या मौन ध्यान शिबिराला गेला होता. फॉर्मवर त्यानं मानसोपचाराच्या गोळ्या लपवल्या आणि तिथं त्या स्वतःच बंद केल्या. सहाव्या दिवसापासून झोप गेली, घरी आला तेव्हा आईलाही ओळख देईना. सावरायला चार महिने लागले. श्वासच तर बघायचाय, असं म्हणून कृपा करून कुणालाही बसवू नका. आधी औषधं विचारा.

कामठी_रोड
@फुटाळा_संध्याकाळ, वाचून खूप वाईट वाटलं. औषधांचं मी विचारते, पण मनाच्या गोळ्यांचं स्वतंत्र विचारत नव्हते. उद्यापासून विचारणार.

@इंदोरा_७, मॉपचं माझ्या डोक्यातच आलं नाही. अकरा वर्षं झाली, तरी नाही आलं. परवा ती येतेय, तिच्या घरांच्या नावानं लेखी सल्ला देते: वाकून लादी बंद. पण धम्म नाही हे मान्य नाही. रात्री दुखण्यानं जाग आल्यावर मालकीण नसते, ती एकटी असते.

@मेडिकल_चौक, तुमचे आकडे मान्य, पण सीबीटी देणारे इथं गल्लीत कुठं आहेत? विहार आहे. नावाचं म्हणाल तर ज्याला नको त्याला सांगणार नाही, पण जिनं विचारलं तिच्याशी खोटं बोलणार नाही. विहारात रविवारी वंदनेनंतर दोन गट करून बघायचं मनात आहे, एकाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि आनापान.

मेडिकल_चौक
करा, पण आधी एथिक्स कमिटीची परवानगी. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि दोन्ही गटांना तुमचा वेळ सारखा द्या, नाहीतर आनापान राहील बाजूला, मोजली जाईल तुमची माया. फॉर्म तयार करायला मी येतो.

इंदोरा_७
त्या फॉर्मात एक ओळ माझी टाका: दिवसाला किती घरं, आणि सुट्टी किती.