जैसलमेरचं श्रमदान आणि जीपचा तो एक दिवस: पुढच्या वर्षी ठेवायचा का?

पुळणीवरची
आम्ही दापोली तालुक्यातले चौदा जण जानेवारीत जैसलमेरजवळच्या एका गावात आठ दिवस श्रमदानाला गेलो होतो. काम जुन्या बेऱ्यांमधला गाळ काढायचं. बेरी म्हणजे एक माणूस जेमतेम आत बसून खणेल एवढी अरुंद विहीर. तिथे वाळूखाली जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी त्याच्या खाली जात नाही, वाळूतच ओल होऊन राहतं आणि बेरीत थेंब थेंब पाझरतं. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस नसलेल्या गावात आम्ही ते गोडं पाणी प्यायलो. आपल्याकडे ३००० मिलिमीटर पडून मे महिन्यात टँकरची वाट बघतो आपण.

सहावा दिवस फिरण्याचा होता. सकाळी ११५६ सालचा किल्ला, ज्यात आजही लोक राहतात. दुपारी ओसाड पडलेलं कुलधरा गाव. संध्याकाळी शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या. आधी उंट, मग जीप. चालकाने टायरमधली हवा कमी केली, गाडी टेकडीच्या माथ्यावर नेली आणि तिथून खाली सोडली. पोटात गोळा आला, मी जोरात ओरडले, आणि फार मजा आली. ते नाकारत नाही.

पण उतरून मागे पाहिलं तर सगळ्या उतारावर चाकोऱ्या. मला आपली पुळण आठवली. कासवाचं पिल्लू अशाच चाकोरीत पडतं आणि समुद्रापर्यंत पोचत नाही, म्हणून केळशीला मी स्वतः गाड्यांपुढे उभी राहिले आहे. घरी एक आणि परगावी दुसरं, हे मला जमणार नाही. फिरण्याचा दिवस राहू दे, जीप नको, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

खाडीपलीकडचा
ताई, मला तो दिवसच पटत नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी गाळ काढायला म्हणून वर्गणी दिली. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, आणि कामाच्या आठातला एक फिरण्यात. चौदा माणसं त्या दिवशी आणखी एका बेरीत उतरली असती.

पुळणीवरची
दादा, त्या दिवसाचा खर्च प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून केला. हिशोब देवळातल्या फळ्यावर लावलेला आहे. दिवस गेला, हे मात्र खरं.

हर्णै बंदर
माझा भाऊ किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चारचाकी बाईक चालवतो. मासळी कमी झाली म्हणून कर्ज काढून घेतली त्याने. तुम्ही वर्षातून एकदा जीप नाकारून येणार, पण त्या जीपवाल्याचं पोट सीझनच्या चार महिन्यांवर असतं. आणि वाळवंटात वारा सुटला की सकाळी चाकोरीचा मागमूस राहत नाही. कासवाची तुलना तिथे लागू होत नाही.

सुरूचं बन
चाकोरी पुसली जाते, मोडलेलं झुडूप परत उभं राहत नाही. वाळू धरून ठेवतात ती फोगची झुडपं आणि सेवण गवत. गुरांचा चारा तोच. वाळूच्या दोन बोटं खालून पोहत जाणारी एक सापसुरळी आहे त्या टेकड्यांत. वरून चाक गेलं तर ती कुठे जाणार? ३१६२ चौरस किलोमीटरचं मरू राष्ट्रीय उद्यान समला लागूनच आहे आणि माळढोकाचे उरलेसुरले पक्षी त्याच भागात आहेत. ताईंची तुलना मला अगदी योग्य वाटते.

माडाखालचे काका
मी त्या चौदांतला सगळ्यात वयस्क. उंटाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. देशात २०१२ च्या पशुगणनेत ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. राजस्थानने २०१४ साली त्याला राज्यप्राणी केलं, तरी संख्या घटतेच आहे. शेतीला ट्रॅक्टर आला, मालाला ट्रक. माझ्या उंटवाल्याने सांगितलं, स्वारी मिळते म्हणून घरात उंट आहे, नाहीतर विकला असता. खाडीपलीकडच्या, तुझा मुद्दा कळतो रे, पण आपण फक्त गाळ काढून परत आलो असतो तर ज्यांच्यासाठी काढला त्या माणसांशी निवांत बोलणं त्या एका दिवसाखेरीज कधी झालं असतं?

खाडीपलीकडचा
काका, बोलायला बेरीच्या काठावरही वेळ मिळतो. गाळ उपसणाऱ्याशी लोक जास्त मोकळेपणी बोलतात.

पुळणीवरची
हर्णैच्या दादांना: तुमच्या भावाच्या कर्जावर माझ्याकडे उत्तर नाही. गाडी बंद करा म्हणणं सोपं असतं, हप्ता मी भरत नाही. पण भरतीरेषेच्या वर, जिथे घरटी असतात, तिथे गाडी नको, एवढं मी त्यांच्या तोंडावरही म्हणेन.

पुढच्या वेळी सहाव्या दिवशी खडीन बघायला जावं असं सुचवते. उताराच्या तळाशी लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवाल ब्राह्मणांची, म्हणजे कुलधरा ज्यांचं गाव होतं त्यांची, शेकडो वर्षांची रीत. गावातलेच लोक दाखवतील, जायचं उंटाने. नावं गणपतीपर्यंत द्या.

हर्णै बंदर
भरतीरेषेचं बोलतो भावाशी. ऐकेल की नाही, सांगता येत नाही.

खाडीपलीकडचा
माझं नाव घ्या. सहाव्या दिवशी मी बेरीवरच थांबेन.